सशाची मादी पिल्लांजवळ जातच नाही? सिरिंजमध्ये दूध भरण्याआधी हे तपासा

लक्षणं साधारण अशी असतात. मादी काल-परवा व्याली. घरट्यात चार-सहा गुलाबी, बिनकेसांची पिल्लं आहेत, पण ती दिवसभर घरट्याच्या पेटीकडे ढुंकूनही बघत नाही. लांब कोपऱ्यात पाय पसरून पडते, गवत खाते, मध्येच पेटीत उडी मारते आणि पिल्लांच्या अंगावरून तशीच बाहेर येते. एखादं पिल्लू घरट्याबाहेर, थेट जाळीवर सापडतं. हात लावला की पिल्लं लाह्यांसारखी उसळतात, बारीक आवाजात चिरकतात. किंवा याच्या बरोबर उलट: हलतच नाहीत, अंग गार, कातडी सुरकुतलेली, पोट खपाटीला गेलेलं.

पहिल्या दोन-तीन वेतांना मी अशा वेळी सरळ सिरिंज उचलली होती. त्यातली काही पिल्लं माझ्या हातून गेली, मादीची त्यात काही चूक नव्हती. नंतर हा प्रसंग इतक्यांदा आला की आता क्रम ठरून गेलाय. हाताने दूध पाजणं त्या क्रमात सगळ्यात शेवटी येतं. बहुतेक वेळा तिथपर्यंत जावंच लागत नाही.

पोट बघा

याला एक मिनिट लागतं. हात धुवा, मादीच्या अंगावरून एकदा फिरवा म्हणजे तिचा वास लागेल, आणि एकेक पिल्लू तळहातावर घ्या. माणसाचा वास लागला की मादी पिल्लं टाकते, ही समजूत पाळीव सशांच्या बाबतीत खोटी आहे. वास चोळायचा तो मादी बुजरी असली तर बिथरू नये म्हणून.

पिल्लू प्यायलेलं असेल तर पोट टपोऱ्या द्राक्षासारखं गोल दिसतं. पहिल्या काही दिवसांत कातडी इतकी पातळ असते की आतला दुधाचा पांढरा पट्टा बाहेरून स्पष्ट दिसतो. तो दिसला की पिल्लू ठेवा, पेटी झाका आणि निघा. मादी पाजतेय, फक्त तुमच्यासमोर पाजत नाही.

हे समजून घेतलं तर अर्धी घबराट जाते. मांजर किंवा कुत्री पिल्लांना कुशीत घेऊन पडून राहते, ससा तसं करत नाही. बिळात पिल्लं असताना आईने सतत ये-जा केली तर शिकारी प्राण्याला ठिकाण कळेल, म्हणून मादी लांबच राहते. चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा, बहुधा रात्री किंवा पहाटे येते आणि तीन-चार मिनिटांत पाजून निघून जाते. तेवढ्यात पिल्लं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं दूध ओढून घेतात. डोळे बंद, कान बंद, तरी मादी वर उभी राहिली की काही सेकंदांत सड शोधतात, निव्वळ वासावर.

म्हणून पोट बघायची वेळ सकाळची. रात्री आठ वाजता पोट रिकामं दिसणं अगदी स्वाभाविक आहे, कारण मागचं पाजणं होऊन बारा-पंधरा तास उलटलेले असतात. नुकत्याच व्यालेल्या मादीला, विशेषतः पहिलारू असेल तर, पान्हा फुटायला एक दिवस लागू शकतो. जन्मानंतरचे पहिले चोवीस तास पिल्लं ऊबेत असतील तर उपाशी तग धरतात. पहिल्या दिवशी पोट सपाट असेल तर फक्त लक्ष ठेवा. दुसऱ्या सकाळीही सपाट असेल तर पुढे वाचा.

पोटासोबत वजनही घ्या. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. मध्यम जातीचं पिल्लू जन्मताना 40 ते 60 ग्रॅमचं असतं, बुटक्या जातीचं त्याहून कमी. आठवड्याभरात वजन साधारण दुप्पट व्हायला हवं. रोज एकाच वेळी मोजून कागदावर लिहा. डोळ्यांना दिसत नाही ते आकड्यांत आधी दिसतं.

ऊब

पिल्लू गार लागत असेल तर दुधाचा विचार बाजूला ठेवा. गार पिल्लाचं पोट काम करत नाही, त्याला गिळताही येत नाही. त्या अवस्थेत पाजलेलं दूध एक तर आतड्यात तसंच पडून सडतं, नाहीतर फुप्फुसात जातं. आणि गारठलेलं पिल्लू स्वतः आईचा सडही शोधत नाही. म्हणजे मादी टाकते असं वाटतं तिथे पुष्कळदा खरी भानगड थंडीची असते.

चार-पाच दिवसांनी लव येईपर्यंत पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. ती एकमेकांना चिकटून, आईने पोटावरून उपटून घातलेल्या केसांत दडून ऊब टिकवतात. एखादं पिल्लू सडाला लटकून मादीबरोबर घरट्याबाहेर येतं आणि तिथेच गळून पडतं. मांजर पिल्लाला तोंडात धरून परत आणते. ससा आणत नाही. पडलेलं पिल्लू उचलून ठेवणं हे माणसाचं काम. पेटीचा काठ तळापासून चार-पाच बोटं उंच ठेवला की हे प्रकार कमी होतात.

गार पिल्लू हळूहळू गरम करायचं. कपड्याच्या आत, छातीशी धरणं सर्वांत सुरक्षित. किंवा कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येईल. हेअर ड्रायर नको, उघड्या बल्बखाली ठेवणं नको. भाजतं किंवा अंगातलं पाणी सुकतं.

एकदा पहाटे पाण्याच्या भांड्याशेजारी एक पिल्लू पडलेलं दिसलं. काडीसारखं ताठ, निळसर, हातात घेतलं तर फरशीइतकंच गार. टाकून द्यायच्या बेतात होतो. मग उगाच शर्टाच्या आत धरून बसलो. वीस मिनिटांनी त्याने तोंड उघडून एकदा आ वासला. पुन्हा बराच वेळ काही नाही. मग परत एक. तासाभराने ते माझ्या बनियनवर नाक घासत सड शोधत होतं. ते गार आहे तोवर मेलं असं ठरवू नका. गरम होऊनही हललं नाही, तरच.

पहिला आठवडा घरट्याच्या आत, केसांच्या थराखाली 30 अंशांच्या आसपास तापमान असावं. मादीने केस उपटलेच नसतील तर तिच्या पोटावरचे सैल झालेले केस हलक्या हाताने ओढून घ्या. विण्याच्या सुमारास ते सहज सुटतात, आणि सडही मोकळे होतात. तेही नसतील तर मऊ वाळलेलं गवत खाली आणि वर टिश्यूपेपरचे तुकडे. कापूस आणि लोकर नको. धागे पायांत, मानेत अडकतात.

आजूबाजूला काय चाललंय

मादी घाबरलेली असेल तर पाजायला येत नाही. पेटीसमोर मुलांची गर्दी, कुत्र्या-मांजराचा वास, सतत लागणारा उजेड, तासातासाला झाकण उघडून बघणारे आपण. यातलं बरंचसं एका दिवसात थांबवता येतं आणि खर्च शून्य. मुंग्या आहेत का तेही बघा. उघड्या पिल्लांना मुंग्या लागल्या तर रात्रीत खेळ संपतो.

नर अजून सोबत असेल तर आत्ताच वेगळा करा. मादी व्याल्याच्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते, मग महिन्याभरात दुसरं वेत दारात. तो तिच्या मागे लागला की ती पेटीकडे फिरकत नाही ते वेगळंच.

मादीला तपासा

आता थोडं अवघड काम. मादीला नीट आधार देऊन धरा आणि पोटाखालून बोटं फिरवा. बहुतेक माद्यांना आठ सड असतात, काहींना त्याहून जास्त. पान्हा असेल तर सडांभोवती मऊ फुगीरपणा लागतो आणि पिल्लांच्या ओढण्याने केस ओले, चिकटलेले असतात. एखादा भाग गरम, दगडासारखा घट्ट, लाल किंवा निळसर असेल तर ती दगडी, म्हणजे सडांना झालेला संसर्ग, आहे. तिला दुखतं, म्हणून ती पिल्लांना उडवून लावते. इथे घरचा उपाय नाही. पशुवैद्याकडे जायचं, आणि ती पिल्लं दुसऱ्या मादीखाली घालायची नाहीत, कारण संसर्ग त्यांच्या तोंडातून तिकडे जाऊ शकतो.

सड ठीक असून दूध कमी वाटत असेल तर पाणी बघा. बाटलीची नळी तुंबून मादी तहानलेली राहिली, असं माझ्याकडे दोनदा झालंय. दोन्ही वेळा मी मादीला नावं ठेवत होतो. पाणी उघड्या जड भांड्यातही ठेवा आणि पाजत्या मादीला खाणं मोजून देऊ नका. मादीने बारा तासांत काहीच खाल्लं नसेल तर प्रश्न पिल्लांचा राहिला नाही, तिचाच जीव धोक्यात आहे.

मादीला पेटीवर आणा

पोटं रिकामी, पिल्लं गरम, मादी धडधाकट, तरी पाजत नाही. माझ्याकडे अशा वेळी निम्म्याहून जास्त वेळा हाच उपाय लागू पडलाय.

पहाटे किंवा संध्याकाळी, शांत खोलीत पेटी जमिनीवर ठेवा. मादीला उचलून पेटीत, पिल्लांच्या वर उभी करा. एक हात पाठीवर, दुसऱ्या हातात तिची आवडती पालेभाजी. दाबून धरू नका, फक्त बाहेर उडी मारू देऊ नका. डोक्यावरून, कानांच्या मुळाशी हळू हात फिरवत राहा. खालून चुळबुळ सुरू होते, मग पिल्लं उताणी होऊन चिकटतात आणि चुटूचुटू आवाज यायला लागतो. पाच मिनिटं पुरतात. ती स्वतःहून निघाली तर जाऊ द्या. दिवसातून दोनदा करा. बहुतेक पहिलारू माद्यांना दोन-तीन दिवसांत कळतं आणि मग आपली गरज उरत नाही.

मादी मेलीच असेल किंवा पिल्लांना चावत असेल तर दुसरी व्यालेली मादी शोधा. पिल्लांच्या वयात दोन-तीन दिवसांहून जास्त फरक नको, आणि तिची स्वतःची पिल्लं आठच्या आत असावीत. नवी पिल्लं तिच्या घरट्यातल्या केसांत घोळून मध्यभागी ठेवा, तासभर पेटी बंद ठेवा म्हणजे वास एक होतो. माद्या पिल्लं मोजत नाहीत.

आता सिरिंज

इथपर्यंत आलात तर मनाची तयारी ठेवा. हातावर वाढवलेली पिल्लं बरीच दगावतात, नीट केलं तरी. सशिणीच्या दुधापासून पिल्लाच्या पोटात काही मेदाम्लं तयार होतात. ती जंतूंना वाढू देत नाहीत. बाहेरच्या कुठल्याच दुधातून ती मिळत नाहीत. म्हणून दिवसातून एकदा का होईना, आईचं किंवा दाईचं दूध मिळत असेल तर ते सोडू नका.

गाईचं दूध का नको? सशिणीच्या दुधात चरबी आणि प्रथिनं प्रत्येकी 12 टक्क्यांच्या आसपास असतात, साखर जेमतेम एक-दोन टक्के. गाईच्या दुधात चरबी चारच्या घरात, प्रथिनं साडेतीनच्या आत आणि दुग्धशर्करा पाचच्या जवळ. म्हणजे पोषण तिसऱ्या हिश्शाचं आणि जी साखर पचत नाही ती दुपटीहून जास्त. त्याने हगवण लागते. मध, साखरपाणी, लहान मुलांची दूध पावडर यांचंही तेच. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर सगळ्यात जवळची. ती पाकिटावरच्या प्रमाणात कालवून मी एक कपात एक मोठा चमचा बिनसाखरेचं क्रीम घालतो. ती मिळेपर्यंत एखाद-दोन वेळा शेळीचं दूध चालवून घेतलंय, पण त्यावर वाढवू नका.

दिवसातून दोनदाच. दर दोन तासांनी पाजण्याचा सल्ला मांजरांसाठीचा आहे. मध्यम जातीच्या पिल्लाला पहिल्या दिवसांत एका वेळी दोन ते अडीच मिली, आठवड्याच्या पिल्लाला सहा-सात, दोन आठवड्यांच्या पिल्लाला बारा-तेरा, तिसऱ्या आठवड्यात फार तर पंधरा. बुटक्या जातीला याच्या निम्म्यापासून सुरुवात. हे आकडे वरची मर्यादा समजा. पोट गोल झालं की थांबा, ते ढोलासारखं ताणू देऊ नका. कमी प्यायलेलं पिल्लू पुढच्या वेळी भरून काढतं. जास्त पाजलेल्या पिल्लाला मात्र वाचवणं अवघड जातं.

सुई काढलेली एक मिलीची सिरिंज घ्या. टोकाला मऊ रबरी नळीचा छोटा तुकडा बसवला तर बरं, फक्त तो निसटून तोंडात जाणार नाही हे बघा. दूध मनगटावर टाकून कोमट लागेल इतकं. पिल्लू पालथं किंवा उभं, डोकं किंचित वर. उताणं कधीच नाही. आईखाली पिल्लं उताणीच पितात हे खरं, पण तिथे ओढण्याचा वेग पिल्लू ठरवतं आणि इथे आपला अंगठा. ओठाच्या कडेला एक थेंब ठेवा. पिल्लू चाटेल, गिळेल, मग पुढचा थेंब. एक मिलीला पाच मिनिटं लागली तर लागू द्या.

माझं सर्वांत धडधाकट पिल्लू मी घाईत घालवलं. ते अधाशासारखं पीत होतं, मला कामावर जायचं होतं, अंगठा जरा जास्त दाबला गेला. नाकाच्या दोन भोकांतून दोन पांढरे बुडबुडे आले. पुसले, ठीक वाटलं. संध्याकाळी श्वासाबरोबर टिक टिक आवाज येत होता आणि दुसऱ्या दिवशी ते गेलं. असं झालं तर ताबडतोब थांबा, पिल्लाचं डोकं खाली करून नाक पुसा आणि त्या वेळेपुरतं पाजणं बंद.

पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाच्या खालचा भाग शेपटीच्या दिशेने हलके पुसत राहा. लघवी येईल, काही वेळा बारीक लेंड्याही. आई चाटून हे करते. डोळे उघडेपर्यंत, म्हणजे दहा-बारा दिवसांपर्यंत, पिल्लाला हे स्वतः नीट जमत नाही आणि मूत्राशय तुंबू शकतं. सिरिंज प्रत्येक वेळी उकळा. कालवलेलं दूध फ्रिजमध्ये एका दिवसापुरतंच.

डोळे उघडल्यावर वाळलेलं गवत समोर असू द्या. याच सुमारास निरोगी मोठ्या सशाच्या मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या चिकट लेंड्या मिळाल्या तर एखाद-दुसरी दुधात कालवून दोन-तीन दिवस द्या. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण आतड्यातले उपयोगी जंतू पिल्लांना असेच मिळतात. दूध सहाव्या आठवड्यापर्यंत हळूहळू कमी करत बंद करायचं.

थांबायचं कधी

हगवण दिसली की त्याच दिवशी पशुवैद्य, सकाळपर्यंत थांबू नका. पोट घट्ट फुगलं, श्वासाला आवाज येतोय, तासभर ऊब देऊनही पिल्लू गारच आहे, चिमटीत धरलेली कातडी परत बसत नाही, अंगावर जखम किंवा अळ्या आहेत, मादी थरथरतेय किंवा तिची दगडी झालीय: यातलं काहीही असेल तर घरचे प्रयोग बंद. आधीच्या आजारातलं उरलेलं प्रतिजैविक तर अजिबात देऊ नका. अमॉक्सिसिलीनसारखी पेनिसिलीन गटातली औषधं तोंडावाटे गेली तर सशाचा जीव जातो. सशांवर उपचार करणारा डॉक्टर सगळीकडे नसतो, म्हणून मादी व्यायच्या आधीच शोधून ठेवा.

बुटक्या जातींमध्ये एखादं पिल्लू जन्मापासून निम्म्या आकाराचं, मोठ्या डोक्याचं, मागून निमुळतं असतं. त्याच्यात बुटकेपणाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती आलेल्या असतात. आई-बाप दोघांतही ते जनुक असेल तर साधारण चारात एक असं निघतं. ते काही दिवसांत जातंच, कितीही पाजलं तरी. त्याला ऊबेत राहू द्या, स्वतःला दोष देऊ नका.

पिल्लं शेतात किंवा झुडपात सापडली असतील तर वरचं काहीच करू नका. अंगावर लव आणि उघडे डोळे घेऊन जन्मलेलं, उघड्यावर एकटं बसलेलं पिल्लू रानसशाचं असतं. त्याची आई अंधार पडल्यावर येते. कुत्रं-मांजर लांब ठेवा आणि निघून जा. जखमी असेल तर वन्यजीव वाचवणाऱ्यांना कळवा.

डॉक्टरला फोन करताना वजनाचा कागद समोर ठेवा. पिल्लाचं वय, कालचं आणि आजचं वजन, शेवटचं काय आणि किती मिली पाजलं, त्यानंतर लघवी झाली का, हे चार प्रश्न ते विचारतातच.